मागच्या अंगणातली आठ बाय सहाची शेड

मी, श्रीमती सुनेत्रा हरीश टिपणीस, वय एकोणसाठ, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार फरीदाबाद, आज पूर्ण शुद्धीत आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवते. माझ्या स्वादुपिंडाच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं आहे; त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, हिंदीत लिहा, कोर्टात सोपं जातं. तर्जुमा त्यांनी करून घ्यावा. जिच्यासाठी हे लिहायचं, त्या माझ्या मुलीशी मी मराठीतच बोलत आले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. बँकेत जे असेल ते, आणि माझे दागिने, माझी एकुलती एक मुलगी मयुरा हिला मिळावेत. पाटल्या जुन्या पद्धतीच्या आहेत. मोडून नवीन केल्या तरी चालेल.

२. माझे पती कै. हरीश यांची सर्व हत्यारं श्री. हणमंत शिंगटे यांना द्यावीत. (म्हणून साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतलेली नाही.) दोघं इथल्याच एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, ते त्यांचं काम. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून हरीशच्या फूटपट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा आहे. हणमंतभाऊंना ते ठाऊक आहे. बाकी कोणी ती वापरू नये.

१९९४ साली कारखान्याने पॅटर्न शॉप बंद केलं आणि ते काम बाहेर द्यायला सुरुवात केली. हरीश तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. ते म्हणाले, "बाहेर देतायत ना? मग बाहेरून मीच करतो." त्यासाठी त्यांना एक छप्पर हवं होतं.

३. मागच्या अंगणातल्या शेडबद्दल.

आमचा प्लॉट दीडशे गजांचा. मागची दहा फूट जागा मोकळी सोडायची, असा नियम. सेक्टरमधल्या घरांचे नकाशे ज्या कार्यालयात तपासले जात, तिथेच मी नोकरीला होते. शेजारच्यांनी मागे खोली चढवली तेव्हा त्यांच्या नोटिशीचा मसुदा मीच केला होता. मी कोणाचा चहासुद्धा घेत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते माहीत असलेलं मला आवडत असे.

हरीशनी पहिला नकाशा काढला तो बारा बाय दहाचा, विटांचा. मी तो परत केला. दुसरा दहा बाय आठचा, वर पत्रे. तोही. तिसरा १९९६ च्या पावसाळ्यात, त्याला त्यांनी दोन महिने घेतले. आठ बाय सहा, उंची साडेसात, सगळं लाकडी. आत लांब फळी फिरवता येणार नाही म्हणून भिंतीला एक झडप ठेवली होती, फळीचं टोक तिच्यातून बाहेर निघावं.

"सुनेत्रा, हे बघ. पाया नाही, वीट नाही. बोल्ट काढले की तासाभरात जमीन सपाट."

"छप्पर आहे ना? मग ते बांधकाम."

"एकदा तुझ्या साहेबांना विचारून तर बघ."

"माझ्या घरासाठी मी साहेबांपुढे उभी राहणार नाही."

इथवर मयुराला माहीत आहे. ती तेव्हा सोळा वर्षांची होती आणि त्याच टेबलावर अभ्यास करत होती. पुढचं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर १९९६ मध्ये हरीश स्वतः अर्ज घेऊन आमच्या कार्यालयात आले. घरी काही बोलले नव्हते. त्या दिवशी खिडकीवर मी होते. ते रांगेत उभे राहिले, पुढे सात-आठ माणसं. मी त्यांना पाहिलं होतं. नंबर आल्यावर त्यांनी कागद पुढे सरकवला. बाजूचे क्लार्क बघत होते. मी नकाशा उलगडलाही नाही. मी म्हणाले, "नक्शा अधूरा है। अगला।"

नकाशा अपुरा नव्हता. इतका नेटका नकाशा त्या वर्षात माझ्या हाती दुसरा आला नव्हता.

हरीश म्हणाले, "जी, मैडम." कागद गुंडाळला आणि गेले. संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा त्यांनी चहा केला होता. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी हायवेपलीकडे एका वर्कशॉपचा कोपरा भाड्याने घेतला. जानेवारीत, सकाळी सातला, दाट धुक्यात, रस्त्यावर उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांना दिसली नाही. स्कूटरसकट ते तिच्यावर आदळले आणि तिथेच गेले.

दहाव्या दिवशी आमचे साहेब घरी भेटायला आले. शेडचं कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "मैडम, आप एक बार कह तो देतीं। टेंपररी शेड थी, हो जाता।" मयुरा पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने पेला खाली ठेवला आणि आत गेली.

मार्चमध्ये मी त्याच नकाशावर अर्ज केला. परवानगी अकरा दिवसांत मिळाली. हणमंतभाऊंनी शेड उभी करून दिली, झडपेसकट. मयुरा क्लासहून आली. म्हणाली, "आई, आता कशाला?"

बारावी होताच ती पुण्याला पद्मजाआत्याकडे शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. दिवाळीला दोन दिवस येते, औषधं विचारते. भांडत नाही. भांडली असती तर मी खिडकीचं सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही.

४. माझे दीर श्री. अविनाश यांना काहीही देऊ नये. हरीशच्या तेराव्याच्या पंगतीत त्यांनी घर पाडून तीन मजले काढायची गोष्ट काढली होती. कारण त्यांना आठवत नसेल, म्हणून लिहिलं.

५. राहतं घर, जमिनीसह, मयुराला. मागच्या अंगणातली शेडही तिचीच. "शेड ठेवायची असं लिहायचं का?" वकिलांनी विचारलं. मी नको म्हटलं. मयुरा, तुला राहायचं तर राहा. विकायचं तर वीक, बिल्डरला द्यायचं तर दे. बोल्ट अजून सुटतात, मी दर वर्षी तेल घालते. लोकांच्या नकाशांवर मी एकतीस वर्षं अटी लिहिल्या. तुझ्यासाठी एकही लिहिलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : फरीदाबाद
दिनांक : १९ नोव्हेंबर २००६

(सही) सुनेत्रा हरीश टिपणीस

साक्षीदार :
१. (सही) डॉ. निहार सबनीस, फरीदाबाद
२. (सही) श्रीमती चंद्रप्रभा माथुर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, फरीदाबाद