रस्त्यापलीकडची खुर्ची

४ मार्च
विमा एजंटच्या परीक्षेत पुन्हा नापास! दोन गुणांनी. 'ट्विस्टिंग' म्हणजे काय, असा प्रश्न होता. मला वाटलं नाच. पर्यायांत नाचच नाही! गिऱ्हाइकाला खोटंनाटं सांगून जुना विमा मोडायला लावायचं, त्याला म्हणतात म्हणे. आठवीत शाळा सोडलेल्याला हे कुठून कळणार?
टायरच्या दुकानात मालक गार्लिन दिवसभर — "विमेवाले साहेब, तेवढं ट्रकचं चाक उचला."

५ मार्च
दुकानासमोरच्या मिस अर्लीनकडे जेवलो. (इथे लग्न झालेल्या आज्यांनाही 'मिस'च म्हणतात.) तळलेला मासा, मक्याचा पाव. "तुझी आई राहिली मिसिसिपीत. इथे कान उपटायला मी आहे." त्यांना अंत्यविधीचा विमा हवाय. अंत्ययात्रेला बँड हवा, गाडीला पांढरे घोडे हवेत — आणि विमा घेणार तर माझ्याकडूनच! "एकतीस तारखेला ऐंशी पूर्ण होतील. मग कंपनी मला दारात उभं करणार नाही. माझे घोडे तुझ्या हातात आहेत, पोरा."
झोप उडाली ना माझी.

१२ मार्च
अभ्यास. डोक्याचं पंक्चर.

२४ मार्च
पास!!! गार्लिनने गिऱ्हाइकाच्या गाडीचा हॉर्न वाजवला. गिऱ्हाईक चिडलं.

२८ मार्च
परवाना आला! धावत रस्ता ओलांडला, मिस अर्लीनच्या ओट्यावर कागद पसरले — आणि तेव्हा कुठे परवाना नीट वाचला. परवाना फक्त आर्कन्सॉ राज्यापुरता. आमच्या रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द. त्यांचा ओटा टेक्ससमध्ये! तिथे मी नुसता टायरवाला.
"एवढंच ना? खुर्ची धर."
छत्री उघडून निघाल्या. गाड्या थांबल्या. मागे मी, डोक्यावर खुर्ची.
गार्लिन ओरडला, "राज्य सोडून पळताय काय, मिस अर्लीन?"
"तू राहतोस तिथे कोण पळून येईल रे!"
दुकानापुढे, आर्कन्सॉत, ऐटीत बसल्या. "हं. आता विक."

२८ मार्च, जरा वेळाने
अर्ज भरायला घेतला. जन्माचं वर्ष विचारलं. त्यांनी सांगितलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एकतीसला चौऱ्याऐंशी!
"मिस अर्लीन, अहो, ऐंशी म्हणाला होतात..."
"ते कधीच झाले. घोड्यांची सोय नवरा करून गेलाय, पोरा. तुझी व्हायची होती."