मायचा गुडघा आणि बोडीतला वाटा

१९ ऑगस्ट
अर्ध्या दिवसाची रजा. मायला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. फोटोत हाडाला हाड टेकलेलं मलासुद्धा दिसलं. डॉ. म्हणाले, झिजलेलं भरून येत नाही, पुढेमागे सांधा बदलावा लागेल, तोवर दुखणं आटोक्यात ठेवू. मायनं एकच विचारलं : "दसरा झाल्यावर शिंगाडा तोडाले जाता येईन का?"
दुखणं थांबलं की सगळं जमेल, म्हणाले. बोडीतला, आमच्या गावच्या छोट्या तळ्यातला, चिखल त्यांनी कधी पाहिला नसावा. बसस्टँडपर्यंत ऑटोत दोघी तेच वाक्य घोळवत होतो.

२० ऑगस्ट
काल झोपताना आठवत राहिलं. आषाढात हिनंच लावण केली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबला. तेव्हा दुखत नव्हतं का? दुखतच होतं. घरी येऊन पाय धरून बसायची.
धास्ती आहे ती पहिल्या तोडीची. जिनं वेल लावला तिनंच आधी पाण्यात उतरून तोडायचं, ते शिंगाडे पाळीवरच्या, बोडीच्या बांधावरच्या, मायमाऊली देवीपुढं ठेवायचे. नाही उतरली तर बोडीतला तिचा त्या सालचा वाटा दुसरीचा. गावात हे कुणी मोडलेलं नाही. बाबा गेल्यावर माय घर सोडून माझ्याकडे यायला तयार झाली नाही ती या वाट्यापायी.

२३ ऑगस्ट
गुडघ्यात इंजेक्शन. माय सुईकडे बघत होती, डोळे मिटले नाहीत. "माशाले गळ लागल्यावानी वाटलं," म्हणाली. शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणारी मुलगी. खुर्चीवर बसून पाय सरळ धरायचा, हात न टेकता उठायचं, बसायचं. रोज करा, मावशी. माय हो म्हणाली.
दोनेक महिने माझ्याकडेच ठेवून घेते. यांची बदली गोंदियाला, घर रिकामंच असतं.

३० ऑगस्ट
दु. (दुखणं) जवळजवळ नाही! सकाळी माय स्वयंपाकघरापर्यंत चालत आली आणि ओट्याशी उभी राहून हसली. "कोनाचा पाय लावून देल्ला वं त्यानं?"
व्यायामानं मांडी भरून येते म्हणाली. म्हटलं, राहू दे मग आज.

१४ सप्टें.
दु. नाही. चहा, पाणी, कपडे सगळं मी. कॉलेजला जाताना सगळं तिच्या हाताशी ठेवून जाते. ती उठायला लागली की तोंडातून निघतंच, तू बस. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, लेक असावी तर अशी. ऐकायला बरं वाटलं. ते इथं लिहावं की नाही असं वाटलं, म्हणून लिहिलं.

२१ सप्टें.
दु. नाही.

४ ऑक्टो.
गावाहून पारबताआत्याचा फोन. नात्यानं आत्या नव्हे, मी म्हणते एवढंच. मायच्या वाट्याला लागूनच तिचा वाटा. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आल्या. फोन स्पीकरवर.
"खुर्चीवर बसून राणी झाली म्हन्ते तू."
"झाली ना. तू काहून जळून राहिली?"
"वेलाले शिंगाडे लटकले वं. तुहे शिंगाडे का मी तोडू?"
"हात लावून पाह्य. येऊन राहिली मी."
फोन ठेवल्यावर किती वेळ हसत होती. मग चमचा पडला म्हणून खाली बसली आणि तिला उठता येईना. काखेत हात घालून मी उठवलं. दुखलं का, विचारलं. नाई म्हणाली. दुखलं नाही म्हणून मीही सोडून दिलं.

१९ ऑक्टो.
दु. नाही. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरते. "दुखत नाई वं, भेव लागते," म्हणाली. सवय मोडली असेल.

२७ ऑक्टो., गावी
आज पहिली तोड.
क्रमानं लिहायला हवं. नाहीतर उद्या मी मला बरं वाटेल तसं आठवेन.
सकाळी गार होतं. बोडीवर धुकं. बायका पाळीवर जमल्या. मायनं माझ्या पिशवीतली दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी काढून दोन गोळ्या एकदम घेतल्या. मी पाहिलं. एकच घे म्हणायला हवं होतं. आजचाच दिवस आहे, असं मनाशी म्हटलं.
पाळ ती बसून बसून, घसरत उतरली. बायकांनी थट्टा केली : शहरातून आली, पाय भुईले लागत नाई इचे. ती हसली. पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. वळून मला म्हणाली, "काहीच नाई दुखत."
पुढचं पाऊल टाकलं आणि उजवा पाय तिच्याखालून निघून गेल्यासारखा झाला. ओरडली नाही. खाली बसली, सरळ, गळ्यापर्यंत पाण्यात. पारबताआत्यानं तिला दंडाला धरून वर ओढलं. मी पाळीवर होते. चपला काढत बसले होते. चपला!
माय उभी राहिली तेव्हा तिच्या मुठीत शिंगाडे होते. आत्या मोठ्यानं म्हणाली, "झाली वं तुही तोड. चाल, मायमाऊलीपुढं ठेव." बायका हो म्हणाल्या.
पडली तेव्हा तिचे दोन्ही हात उघडे, रिकामे होते. मी पाहिलं आहे.

२८ ऑक्टो.
गुडघा भोपळ्यासारखा. काल तिला दिवसभर कळलंच नव्हतं. संध्याकाळी गोळी उतरली तेव्हा कळलं. रात्री माझ्याकडे भंडाऱ्याला आणली.

३० ऑक्टो.
डॉ.नी गुडघ्यातून पाणी काढलं. आत काही तुटलेलं नाही. इंजेक्शन लगेच पुन्हा देता येत नाही म्हणाले, आणि त्या गोळ्या अशा मनानं घेऊ नका, पोट नि किडनी दोन्हींना भारी पडतात.
व्यायामवाल्या मुलीनं दोन्ही मांड्यांना मोजायचा टेप लावला. उजवी बारीक झालेली. तिनं विचारलं, व्यायाम कधी बंद केला? मी मायकडे पाहिलं, मायनं माझ्याकडे. मुलगी रागावली नाही. दुखणं गेलं ते चांगलंच झालं होतं, म्हणाली, पण इंजेक्शनानं पायात बळ येत नाही. ते शांत दिवस पाय कामाला लावण्यासाठी होते.
घरी येऊन ही पानं चाळली. दु. जवळजवळ नाही, दु. नाही, दु. नाही. ते स्वयंपाकघरापर्यंतचं चालणं सोडलं तर, ती आज काय करू शकली, हे मी एकाही पानावर लिहिलेलं नाही. आणि जे करत होती ते तिच्या हातून मीच काढून घेतलं, प्रेमानं.
प्रेमानंच का? की तिला बसलेली बघून मला निवांत वाटत होतं?

११ नोव्हें.
आत्यानं गावच्या एका माणसाबरोबर उकडलेले शिंगाडे पाठवले, डबाभर. मायनं सोलून मला दिले. स्वतः एकही खाल्ला नाही. साली ताटलीत गोळा करत म्हणाली, "त्या दिवशीचे शिंगाडे माहे नव्हते. पारबतानं मुठीत देल्ले."
मी म्हटलं, मला माहीत आहे.
"तुले माहीत हाय तं बोलली काहून नाई?"
मी ताटली उचलून साली टाकायला गेले.

१२ नोव्हें.
तिनं आत्याला फोन केला. स्पीकर नाही. तिकडचं मला ऐकू आलं नाही, इकडचं एवढंच : "या साली वाटा तुहा. बायाईले सांगून दे. आषाढात उतरली तं लावण माही." मग, "रडून नको राहू वं, बोकड कापल्यावानी."
आषाढात उतरली नाही तर वाटा कायमचा आत्याकडे जाईल. दोघींनाही ते ठाऊक आहे.

३ डिसें.
व्यायाम. खुर्चीवर दोन उशा ठेवून, बैठक उंच करून. उठताना चेहरा पिळवटतो. मी थांब म्हणायला तोंड उघडते आणि गिळते. आज नाही गिळता आलं, राहू दे म्हणाले. तिनं झटकलं : "तुनंच बसवली ना मले? आता उभी राहू दे."
बरोबर बोलली. पण दुपारी गुडघा पुन्हा सुजला. मग बरोबर कोण?

२० डिसें.
काहीच फरक नाही. थंडीत जास्तच. संडासात जाताना मला हाक मारावी लागते तिला. ऑगस्टच्या आधी लागत नव्हती.

९ जाने.
तीन दिवसांपूर्वी एक उशी काढली.
नंतर दोन दिवस ताप. बहुधा त्याचा संबंध नसावा. उशी परत ठेवली.

२ फेब्रु.
डॉ. म्हणतात, आता दुसरं इंजेक्शन घ्यायला हरकत नाही. ऑपरेशनचंही काढलं, मायनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मला विचारलं, "सुई घेऊ का वं? दुखलं नाई तं व्यायाम जास्त होईन." तिचंच म्हणणं व्यायामवाल्या मुलीनंही सांगितलं होतं. तरी मला ती पाण्यात खाली बसताना दिसली, काहीच नाई दुखत म्हणताना. विचार करू, म्हटलं. विचार कसला करणार आहे मी?

१५ फेब्रु.
आज सकाळी उशी न घेता, हात न टेकता ती खुर्चीवरून उठली. एकदा. दोन्ही हात हवेत, जणू बोडीतल्या डोंग्यात, छोट्या नावेत, उभी राहून तोल सावरते आहे.
सवयीनं विचारलं, दुखते का?
"दुखते तं. उठली ना पन मी."
मी तारखेखाली लिहून ठेवलं : उठली. दु. आहे.

१६ फेब्रु.
आज नाही उठता आलं. बऱ्याच वेळा केलं. मग खुर्चीतच बसून तिनं माझ्यापुढं हात केला, गोळी दे म्हणाली, गोळी घेऊन पुन्हा करते.
पट्टी माझ्या पर्समध्ये आहे, ऑक्टोबरपासून मीच ठेवते. एक गोळी फोडून हातात घेतली. ती खिडकीतून बाहेर बघत होती. विचारलं, माय, गोळी घेऊन उठशील, मग पाय कुठं ठेवशील ते कळेल का तुला?
"नाई माहीत," ती म्हणाली. "तू धरून राह्य."
हात तसाच पुढं.