चिमीच्या पाठीवरच्या गाठी

३ डिसेंबर, मुरुम
आई नाही, म्हणून माझं बाळंतपण नीलम्मा मावशीकडे. आज चिमीला घेऊन पोचले. मावशीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पोरगी नाकानं बापावर गेली म्हणून मला चिडवलं. सोलापूरच्या दवाखान्यात चिमी जन्मताच रडली नव्हती. मेंदूला इजा होऊ नये म्हणून तिला थंड गादीवर ठेवलं होतं. आता मात्र गल्ली उठवते. मला त्याचंच कौतुक.

६ डिसेंबर
न्हाऊ घालताना मावशीचा हात थांबला. चिमीच्या पाठीवर कातडीखाली गाठी आहेत, सुपारीसारख्या टणक. मला ठाऊक होत्या. थंडाव्यानं क्वचित एखाद्या बाळाच्या कातडीखालची चरबी अशी गोठते, आपोआप जिरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मात्र दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि ऊन दाखवायचं नाही, हेही बजावलं होतं. मावशी हसली. म्हणाली, गारठ्यानं गोठलंय तर ऊनच पायजे की, लोणी कसं इरघळतंय. आन् सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत न्हाय. मलाही ते पटलं.

१४ डिसेंबर
रोज सकाळी तेल चोळून चिमी गच्चीवर, कोवळ्या उन्हात. गाठी खरंच मऊ पडल्या! मावशीनं शेजारी गूळ वाटला. डॉक्टरांना दाखवीनच एकदा.

२२ डिसेंबर
चिमी दूध ओढत नाही. ओढलं तर ओकते. दुपटी मात्र सारखी ओली. पोटात काही जात नाही, मग एवढं येतं कुठून? मावशी म्हणाली, दृष्ट हाय. मीठमोहऱ्या उतरवल्या. गाठी जवळजवळ गेल्यात, तेवढंच समाधान.

२५ डिसेंबर
रडत नाही. गल्ली गप्प. टाळू खोल गेलीय. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत— सव्वा महिना राहू दे बाजूला, मावशीला म्हटलं. गाडी सांगितलीय.

२६ डिसेंबर, सोलापूर
रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय. मूत्रपिंडात साचलंय. गाठी जिरताना ते वाढतं, उन्हानं आणखी, म्हणून तर तपासायचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत. रागावायला हवे होते. गाठी विरघळत होत्या तेव्हा आम्ही गूळ— मीच तिला गच्चीवर—

२७ डिसेंबर
सलाईन चालू. मावशी भिंतीकडे तोंड करून बसलीय. खिडकीतून ऊन आलं, मी पडदा ओढला. आता कशाला—

हात लावू देतात. पाठीवरून फिरवला. मऊ. सगळी मऊ. एकही गाठ लागत नाही. श्वासही लागत नाही—