भिंतीकडची बाजू

५ जानेवारी, रविवार
दादा मार्चमध्ये लेकीकडे राहायला जाणार. कायमचा. पत्ते पिसता पिसता सांगितलं, दूध आणायला चालल्यासारखं. वहिनी गेल्यापासून दर रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे जातो. चहा, तिघांत रमी, मग घरी. मी पत्ते कापून दिले. आम्हा भावांत बोलायची पद्धत नाही.
पण परत येताना ठरवलं. ज्या माणसाने मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये तीस वर्षं काढली, त्याला निरोपाला शर्टपीस देऊन चालणार नाही. लाकडी जहाज करून द्यायचं. स्वतःच्या हाताने. हिला सांगितलं. ही म्हणाली, चालेल, कपाटावर तुमच्या अर्धवट सोडलेल्या बासरीशेजारी जागा आहे. दुर्लक्ष केलं.

७ जानेवारी, मंगळवार
किट आणलं. दुकानदाराकडे इंजिनाचं जहाज नव्हतं, शिडाचं होतं. म्हटलं, हरकत नाही. शिडं लावायचीच नाहीत, वर धुराडं बसवायचं, झालं मालवाहू. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत होता. त्याला ही कल्पना सुचली नसावी.
खोक्यावर लिहिलंय, वय वर्षं चौदा आणि पुढे. मी पुष्कळच पुढे आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपवायला हरकत नाही.

१२ जानेवारी, रविवार
आज दादाकडे गेलो नाही. माझ्या पोटात गुपित राहत नाही, पहिल्याच डावात सगळं सांगून बसेन. आता जहाज घेऊनच जायचं. ही एकटी गेली.
कणा जुळवला. त्यावर बरगड्या उभ्या केल्या. माशाच्या काट्यासारखं दिसतंय. पाठ भरून आली, म्हणून आडवा झालो. उठलो तेव्हा ही परत आली होती. म्हणाली, दादांनी तुमचे पत्ते वाटले होते. तुमच्या वतीनेही तेच खेळले. तुम्ही जिंकलात.

१९ जानेवारी, रविवार
बरगड्या पुन्हा उभ्या केल्या. चार उलट्या लागल्या होत्या. सूचनांच्या कागदावरची चित्रं बारीक आहेत, हा किट बनवणाऱ्यांचा दोष.
दादाचा फोन आला. ये ना, म्हणाला, दोघांत रंगत नाही. मी म्हटलं, जरा कामात आहे. तो म्हणाला, रिटायर झालास ना रे? मी म्हटलं, म्हणूनच.
रमीत आजही मी जिंकलो. न जाता.

२ फेब्रुवारी, रविवार
जेवणाच्या टेबलावर जहाज असल्यामुळे आम्ही सध्या ताटं मांडीवर घेऊन जेवतो. ही म्हणते, तिला सवय होतेय. म्हणजे हरकत नाही.
आता बाहेरच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, गोंद लावायचा, चिमटे लावून सुकू द्यायची. दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे घेतले. दुपारी वारा सुटला. माझा एक बनियन शेजारच्यांकडे गेला, अजून आलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
मोठी युक्ती सुचली. सूचनांत म्हटलंय, एक पट्टी या बाजूला, एक त्या बाजूला, अशा आळीपाळीने लावाव्यात. का ते सांगितलेलं नाही. उगाच जहाज फिरवत बसायचं. त्यापेक्षा आधी एक बाजू पूर्ण करणार. जहाज शेवटी फळीवर राहणार, भिंतीला टेकून. भिंतीकडची बाजू कोण बघायला जातंय? वेळ उरला तर तीही करीन.
हिला सांगितलं. म्हणाली, तुमची इस्त्रीही अशीच असते.
दादाचा फोन होता. झोपलेत म्हणून सांग, असं मी खुणेने सांगितलं. हिने सांगितलं नाही. म्हणाली, दादा, ते इथेच उभे आहेत आणि झोपलेत म्हणताहेत. दादा हसला म्हणे.

१६ फेब्रुवारी, रविवार
उजवी बाजू अर्धी झाली. सुरेख. हात फिरवत बसलो. बोटांना गोंदाचे पापुद्रे आलेत. चहाच्या कपाचा कानही आज बोटांना चिकटला. कप सुटला, कान हातात राहिला.
रमी जिंकलो. एकूण नशीब जोरावर आहे. हिला तसं म्हटलं. ही म्हणाली, नशीब कसलं. दादा स्वतःचे चांगले पत्ते टाकतात आणि तुमचा डाव लावतात.
असेल. तरी पत्ते मुळात चांगले यावे लागतात.

२ मार्च, रविवार
उजवी बाजू पूर्ण. घासून पॉलिश केलं. लांबून पाहिलं. मग वरून पाहिलं.
जहाज वाकलंय. नाक उजवीकडे, शेपटी उजवीकडे, मध्ये पोट डावीकडे सुटलेलं. केळ्यासारखं. सुकताना पट्ट्या आवळल्या आणि एकाच बाजूने ओढत राहिल्या. दुसऱ्या बाजूने ओढायला कोणी नव्हतं.
आळीपाळीने का, ते कळलं. सूचना लिहिणाऱ्याने एक ओळ जास्त लिहिली असती तर त्याचं काय गेलं असतं?
ही बघून गेली. ही बोलत नाही तेव्हा मला जास्त थकायला होतं.

९ मार्च, रविवार
वजन ठेवून सरळ करतोय. वर इस्त्री, वर डाळीचे दोन डबे. डाळ हवी झाली की जहाज वाकतं, परत डबे ठेवले की सरळ होतं. दादाचं जाणं चोवीस तारखेला ठरलं. अजून भरपूर वेळ आहे. पुढच्या रविवारी नक्की जायचं, जहाज असो वा नसो. जहाज असेलच.

१६ मार्च, रविवार
गेलो नाही. धुराडं सुकत होतं. गुडघ्याच्या मलमाचं झाकण काळं रंगवलंय, अगदी हुबेहूब. आता या अवस्थेत जाऊन काय सांगायचं? दोन महिने आलो नाही, आणि हातही रिकामे? आठवडाभरात डावी बाजू उरकतो, मग ताठ मानेने जातो.
ही निघताना दारात थांबली. म्हणाली, अहो, शेवटचा रविवार आहे हा. मी म्हटलं, शेवटचा पुढचा. ती म्हणाली, पुढचा सामान बांधायचा.
आज रमी कोण जिंकलं, ते विचारायचं राहिलं.

२३ मार्च, रविवार
सकाळी बेल वाजली. दारात दादा. म्हणाला, सामान झालं, उद्या पहाटेची गाडी आहे, म्हटलं तू येत नाहीस तर आपणच जावं. खाली टॅक्सी थांबवून आला होता.
मी धावत जाऊन जहाज भिंतीला टेकवलं, चांगली बाजू बाहेर. दादाने पाहिलं. मग हात पुढे केला. मी म्हटलं, नको, ओलं आहे. त्याने तोवर उचललंही होतं.
डाव्या बाजूला नुसत्या बरगड्या. आतून सुकलेल्या गोंदाचे ओघळ.
मी कारणं सांगायला लागलो. किट, चित्रं, पाठ. दादा म्हणाला, अरे, आम्ही तर कायम धक्क्याच्या बाजूने चढायचो आणि थेट खाली जायचो. दुसरी बाजू तीस वर्षांत मीही पाहिली नाही. आणि म्हणाला, धुराडं चांगलं झालंय, गुडघा कसा आहे आता?
मग खिशातून पत्ते काढले. एक डाव टाकू, म्हणाला, बसतोस का?
टेबलावर पट्ट्या, चिमटे, पॉलिश पेपर, गोंद, डाळीचे डबे. पत्ते वाटायला तळहाताएवढी जागा नव्हती. आम्ही दोघं आवरायला लागलो. ही म्हणाली, खाली जमिनीवर बसा ना. दादाचा आणि माझा, मिळून चार गुडघे, एकही वाकणारा नाही. मी घाईने डबे उचलले, चिमटे घरभर झाले. तेवढ्यात खालून टॅक्सीचा हॉर्न.
जहाज नेतोस का, विचारलं. दादा म्हणाला, बॅगेत मावायचं नाही, आणि मोडलं तर मला वाईट वाटेल. तुझ्याकडेच राहू दे. मी आलो की बघीन.
येणार नाही, ते दोघांनाही माहीत होतं. आम्हा भावांत बोलायची पद्धत नाही.
पत्ते मात्र ठेवून गेला.

३० मार्च, रविवार
टेबल साफ केलं. गोंदाचे डाग खरवडून काढले, दोन निघाले नाहीत. चिमटे दोरीवर गेले. जहाज फळीवर, भिंतीला टेकवून. उजवी बाजू चांगली दिसते. डावी पुढच्या महिन्यात सावकाश करीन, आता घाई नाही.
संध्याकाळी हिने दादाचे पत्ते काढले. बोलता बोलता तिसऱ्याचे पत्तेही वाटून बसली, मग ते पत्ते गोळा करून पुन्हा पिसले.
आम्ही पाच डाव खेळलो. पाचही मी हरलो.