मागच्या सीटवरून

८ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; तुम्ही मात्र ते फारसं मनावर घेऊ नका. दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून, शिलाई मशिनच्या फळीवरच कागद ठेवून लिहितेय. सूनबाईला कळता कामा नये.

रविवारी दोघं मोटरसायकलवर लांब फिरून आली. ती उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, हायवेवरच्या मोठ्या वळणावर, वेगात असताना, गाडी मागून डुलायला लागली. कोणी शेपटी धरून हलवावी तशी. चिरंजीव आधी म्हणाले वारा होता. मग म्हणाले रस्ता खराब. आता म्हणताहेत, ती मागे बसून चुळबुळ करते. आणि वेडी पोर, तिलाही तेच खरं वाटायला लागलंय! महिनाअखेरीला गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या भरून दोघं लांबच्या प्रवासाला निघणार.

तुम्हाला कळवायचं नाही, अशी तिने शपथ घातली आहे. आई गॅरेजातून पाने-पकडी घेऊन येईल आणि सासू परीक्षा घ्यायला आली असं ह्यांना वाटेल, म्हणते. तुमच्या जावयाचं नाक तुम्हाला ठाऊकच आहे. ही जुनी गाडी विकत आणली तेव्हा तुम्ही नुसतं वाकून पाहिलंत, तर केवढं फुगलं होतं! असो. शपथ मोडली, पाप माझ्या माथी. काय करू ते कळवा आणि माझ्यावरचा लोभ उणा होऊ देऊ नका.

आपली,
विहीण


१२ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून बसून राहिले. आधी राग आला, मग भीती वाटली. आता दोन्ही आहेत.

एक गोष्ट तिला ठणकावून सांगा: चूक तिची नाही. ती माझ्यामागे बसूनच मोठी झाली. तिला बसायचं कसं ते कळतं. अशा काही अवजड गाड्यांत हादरे बसू नयेत म्हणून इंजिन रबरी गाद्यांवर ठेवतात, आणि मागच्या चाकाचा दांडा त्या इंजिनालाच जोडलेला असतो. गाद्या मऊ पडल्या की इंजिन बाजूला सरकतं, आणि चाकही त्याच्यामागून जातं. हळू चालवताना कळत नाही. वेगात वळलं की पुढचं चाक एकीकडे बघतं, मागचं दुसरीकडे. त्यात पेट्या भरलेल्या असल्या तर विचारूच नका.

गाडी धुताना जावईबापू मागचं चाक जॅकवर उचलत असतील. तेव्हा चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बघा. हललं, तर माझा अंदाज बरोबर. तोवर कोणालाही वेगात वळू देऊ नका. आणि तरीही डुललीच, तर दचकून ब्रेक मारायचा नाही. हात सैल सोडून वेग हळूहळू उतरवायचा. हे त्यांच्या कानावर कसंही करून घाला.

मी आले तर नातं डळमळेल, नाही आले तर गाडी. माझा जीव टांगणीला आहे. उलट टपाली लिहा.

तुमची माया धरून असलेली,
विहीण


२० फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

रागावणार नसाल तर पुढे वाचा.

चाक पुसायच्या निमित्ताने हलवलं. हललं! चिरंजिवांना बोलावून दाखवलं, तर म्हणाले ह्या गाड्या अशाच असतात. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, बायको चुळबुळ करते ना, मग आज आईला बसव. आई दगडासारखी बसेल. निघण्याआधी तुमचं ते ब्रेक न मारायचं त्यांच्याकडून घोकून घेतलं. कोणी सांगितलं ते सांगितलं नाही.

वळण आलं आणि खालून जमीनच सरकल्यासारखं झालं. गाडी मागून डुलायला लागली. त्यांनी हात सैल सोडले, वेग उतरवला, आणि गाडी कडेला लागली. चिरंजीव कठड्यावर बसले ते बसलेच. म्हणाले, आई, तू हललीसुद्धा नाहीस.

घरी येऊन त्यांनी तिची माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली, पण त्या गाडीवर पुन्हा बसणार नाही, असंही म्हणाली. प्रवास रद्द. आता घरात दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागतात. शेवटी मी तुमचं पत्र चिरंजिवांपुढे ठेवलं. वाचून उठून गेले. तुमच्याकडे येतील की गाडी भंगारात घालतील, देव जाणे.

सांभाळून घ्या.
विहीण


६ मार्च

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

रागावलेच आहे. ह्या वयात असलं धाडस पुन्हा करू नका, हात जोडते.

जावईबापू आले, गाडी टेम्पोत घालून. दारातच म्हणाले, तुमच्या लेकीवर खोटा आळ घेतला, आता तिला तोंड कसं दाखवू. मी म्हटलं, आधी हात धुऊन या, काम आहे. गाद्या काढल्या तर बोटांत भुगा झाला. नव्या बसवल्या, दांड्याच्या सांध्यातले झिजलेले बुश बदलले, आणि इंजिन ते चौकट असा एक आडवा आधारदांडा टाकला. इंजिनाला वर-खाली हलू देतो, बाजूला सरकू देत नाही. शेवटचे नट त्यांनीच आवळले.

मग म्हणाले, चालवा तुम्ही, मी मागे बसतो. गाडी वळणावर रुळावरून जावी तशी गेली. तरी माझ्या खांद्यात त्यांची बोटं रुतली होती. उतरल्यावर म्हणाले, मागे बसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं हो.

गाडी सुधारली. लेकीचं मन मला इथून आवळता येत नाही. ते तुमच्याकडे सोपवते.

तुमचीच,
विहीण


२९ मार्च

सौ. विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र खिडकीत बसून लिहितेय. रोज सकाळी चिरंजीव एकटेच त्या वळणावर जाऊन येत. तिला एकदाही चल म्हणाले नाहीत. आज ती आपणहून हेल्मेट घेऊन खाली उतरली. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तशी माझी शिलाई वाकडी जायला लागली. एव्हाना यायला हवीत. एक मोटरसायकल गेली, ती दुसऱ्याच कोणाची. तुम्ही नटांवरून शेवटचा हात फिरवला होतात ना? उगीच विचारते. आली वाटतं. थांबा, जिन्यावर पावलं वाजतायत. दोघांची.

लोभ आहेच, तो वाढवत राहा.
विहीण

ता. क. आई, सासूबाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. डोळे पुसत असाव्यात. तुमचं दोघींचं कारस्थान कळलं, त्यावर भेटीत बोलू. त्या वळणावरून खाली नदी दिसते. किती वेळा गेले होते मी तिथून, पण ती आज पहिल्यांदा पाहिली.