जोडवीरबद्दल काकांना काय सांगायचं

शनिवार, २५ जुलै, सकाळ

कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. सिनेमा संपल्यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, असं मी लिहिलं. टाळ्या मी वाजवल्या. दुसरा आवाज झाला तो मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी पॉपकॉर्नची रिकामी पिशवी फुगवून फोडली त्याचा होता. ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, पण म्हणून तिच्यात चूक राहू द्यायची असं नाही. मी प्रूफं तपासून पोट भरते.

बाकी नोंद बरोबर आहे. सिनेमा वाईट आहे.

आणि सिनेमा काकांच्या जोडवीरवर आहे. काकांनी कितीतरी वर्षं एका साप्ताहिकात जोडवीरचं कॉमिक काढलं. चित्रं काकांची, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं आत्याची. मला शाळेत उशिरा घातलं. त्याआधीची शाळा म्हणजे त्या दोघांचं टेबल. ‘ध’ येण्याआधी मला ‘धडाम’ येत होतं. जोडवीर दिवसा वेल्डिंग करतो आणि मोडलेली वस्तू तळहातांत धरली की ती सांधली जाते. एवढीच त्याची शक्ती. उडता येत नाही. बसने जातो.

काकांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय आणि तो जागेवर राहावा म्हणून पालथं झोपायला सांगितलंय. त्यामुळे सिनेमा बघायला मला पाठवलं. म्हणाले, बघून ये आणि खरं काय ते सांग, मला तुझाच भरवसा. कारण करारात असं आहे की सात ऑगस्टपर्यंत आपण लेखी नकार दिला नाही, तर दुसऱ्या भागाचे हक्क आपोआप सिनेमा काढणाऱ्या कंपनीकडे जातात. मग जोडवीर कायमचा त्यांचा. नकार द्यायचा की नाही, हे माझ्या सांगण्यावर ठरणार.

मी मुळात स्पष्टवक्ती आहे. संध्याकाळी सांगते.

तोच दिवस, संध्याकाळ

सांगितलं नाही. माणसाच्या मानेकडे बघत वाईट बातमी देणं असभ्य वाटलं. संगीत चांगलं आहे, एवढं सांगितलं. काका फरशीला म्हणाले, बरं.

रविवार, २६ जुलै

एकदा बघून मत देणं न्यायाचं नाही. प्रूफसुद्धा मी दोनदा वाचते. दुसऱ्यांदा पाहिला.

पहिल्यापेक्षा वाईट आहे. पहिल्या वेळी निदान आशा होती.

जोडवीरला शक्ती कशी मिळाली यातच पहिला तास जातो. काकांनी ते एका पानात उरकलं होतं, आणि त्यातही अर्ध्या पानात मांजर होतं. नंतर मारामारी. ती सगळी अंधारात. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, यातला आपला कोणता? मी म्हटलं, बहुतेक वरचा. थोड्या वेळाने वरचा मेला. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच त्याला मारलं.

आता माझं मत पक्कं आहे. उद्या जेवणानंतर.

सोमवार, २७ जुलै

जेवणानंतर काकांचा डोळा लागला. झोपलेल्या माणसाला उठवून असं काही सांगणारी मी नव्हे. ते उठल्यावर मी झोपले.

बुधवार, २९ जुलै

आज विषय काकांनीच काढला. विचारलं, शेवटच्या चौकटीत काय जोडतो ग?

हे लिहून ठेवायला हवं. कॉमिकच्या प्रत्येक भागाच्या शेवटच्या चौकटीत जोडवीर काहीतरी किरकोळ जोडायचा. कपाचा कान, चष्म्याची काडी, कुणाची तरी चप्पल. खलनायक पकडून झालेला असे, पोलीस निघून गेलेले असत, आणि हा फूटपाथवर उकिडवा बसून एखाद्या आजोबांची छत्री जोडत असे. पोरं अंक हातात आला की आधी शेवटची चौकट बघायची.

सिनेमात शेवटी तो एक अख्खा टॉवर उपटून खलनायकावर टाकतो, एक विनोद करतो आणि उडून जातो.

मी म्हटलं, पूल. पूल जोडतो.

सिनेमात पूल आहे. जोडवीर तो तोडतो. पण तोडण्याआधी तो जोडलेलाच होता, तेव्हा मी अगदीच खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

काका हसले. चेहरा दिसत नव्हता, पण पाठ हलली. म्हणाले, पूल! एवढं मोठं मला कधी काढता आलं नसतं, पर्स्पेक्टिव्हची माझी बोंब. मग नकार कशाला द्यायचा? काढू दे त्यांना दुसरा भाग.

शुक्रवार, ३१ जुलै

परिस्थिती थोडी गुंतागुंतीची झाली आहे, पण हाताबाहेर नाही. पुस्तकात चूक राहिली तर शेवटी शुद्धिपत्र जोडतात. ग्रंथ काही कुणी जाळत नाही. आज काकांना तोंडी शुद्धिपत्र द्यायचं ठरवून खोलीत गेले. तिथे वरच्या मजल्यावरच्या आजी तब्येत विचारायला आल्या होत्या आणि काका त्यांच्या पायांना सांगत होते, अहो, पूल जोडतो म्हणे! आजींनी मला विचारलं, लोखंडी की सिमेंटचा? मी म्हटलं, लोखंडी. आता या वाक्यालाही शुद्धिपत्रात जागा करावी लागणार.

संध्याकाळी तिसऱ्यांदा सिनेमाला गेले. त्याने कुठेतरी काहीतरी जोडलं असेल आणि माझ्या नजरेतून सुटलं असेल, ही शक्यता तपासायला हवी होती. तिकीट फाडणाऱ्याने आता मला ओळखलं. विचारलं, ताई, सिनेमात घरचं कुणी आहे का? मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, तरीच. नाहीतर तिसऱ्यांदा कोण येतंय.

निष्कर्ष: एका दृश्यात मागे एक कामगार पाइप जोडताना दिसतो. तो जोडवीर नाही. जोडवीर त्याच पाइपवर आपटतो.

रविवार, २ ऑगस्ट

आत्या म्हणाली, मलाही बघायचाय. मी म्हटलं, तिकिटं मिळत नाहीत. आत्या म्हणाली, बघू या. थिएटरात आम्ही धरून सात-आठ माणसं होती. मी म्हटलं, रविवार असून आज गर्दी कमी आहे.

तिने अख्खा सिनेमा मांडीवर पर्स धरून ताठ बसून पाहिला, बसमध्ये बसतात तसा. इंटरव्हलला मी विचारलं, कसा वाटतोय? म्हणाली, संपू दे. संपला, नावं सरकली, मग झगा घातलेला कुणी नवीनच माणूस येऊन लवकरच भेटू म्हणाला. आत्या म्हणाली, हा कोण? मी म्हटलं, दुसऱ्या भागातला. ती म्हणाली, याचं दोन तास ऐकून घेतलं नाही ते बरं.

घरी आल्यावर चपला काढून ती थेट काकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, कारण आत्याला विषय हळूहळू काढायची सवय नाही. ती फरशीवर बसली आणि मान वाकडी करून खालून काकांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, दादा, त्यांनी आपल्या पोराच्या हातात हातोडा दिलाय.

एवढंच. आत्याने जन्मभर फुगे भरले. जे फुग्यात मावत नाही ते बोलायचं नाही, अशी तिची शिस्त.

काकांनी विचारलं, आणि पूल?

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पूल आहे. आत्या म्हणाली, होता.

काका मला म्हणाले, कंपनीला नाही म्हणून कळवून टाक. पत्रव्यवहार तुझ्याकडेच आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले, तुला संगीत आवडलं ना, चला, ते तरी बरं झालं.

एकूण बरं झालं. शेवटचं वाक्य आत्या बोलली, पण त्याची पार्श्वभूमी आठवडाभर मीच तयार करत होते.

मंगळवार, ४ ऑगस्ट

नकार लिहायला बसले. नुसतं ‘नाही’ लिहून ई-मेल करणं उद्धटपणाचं होईल. लोकांनी मेहनत केली आहे. प्रेक्षक का हिरमुसला हे त्यांना समजावून सांगितलं तर त्यांचं पुढे भलंच होईल.

मजकूर चांगला उतरतोय. सार असं: लोक सुपरहिरोची ताकद बघायला येतात असा आपला समज दिसतो. ताकद क्रेनमध्येही असते. लोक बघायला येतात की एवढी ताकद असलेला माणूस आजोबांच्या छत्रीसाठी थांबतो का. आपल्या सिनेमात शहर कोसळतं आणि हिरो विनोद करतो. त्यालाच भीती वाटत नाही, तर आम्ही कशाला घाबरायचं? खलनायक तीन आहेत, पण एकालाही नेमकं काय हवंय ते कळत नाही. आमच्या प्रेसचे मालकसुद्धा ओरडतात तेव्हा निदान कारण सांगतात. आणि शेवटी पुढच्या सिनेमाची जाहिरात दाखवणं म्हणजे जेवायला बोलावून, ताट वाढायच्या आधीच पुढच्या आमंत्रणाची तारीख विचारणं.

हे वाक्य कडक झालं. त्याच्यापुढे ‘कृपया राग नसावा’ घातलं. मग संगीताबद्दल एक परिच्छेद वाढवला.

आत्याने दारातून विचारलं, कळवलंस? मी म्हटलं, मजकूर तयार होतोय. ती म्हणाली, ‘नाही’ला कसला ग मजकूर? आत्याला औपचारिक पत्रव्यवहाराची कल्पना नाही.

बुधवार, ५ ऑगस्ट

कंपनीच्या गृहस्थांचा फोन आला. संधी चालून आली होती. मी आवाज खंबीर केला आणि हॅलो म्हटलं. ते फार गोड बोलतात. म्हणाले, ताई, शुक्रवारपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर आम्ही पुढे जातो हं, दुसऱ्या भागात जोडवीरला रणगाडा देतोय. बोलताना सारखे शिंकत होते. मी विचारलं, सर्दी झाली का? म्हणाले, चार दिवस झाले, डोकं नुसतं जड झालंय. अशा अवस्थेतल्या माणसाला नकार ऐकवणं माझ्याने झालं नाही. वाफ घ्या म्हटलं. ते म्हणाले, तुमच्यासारखी समजूतदार माणसं मिळाली म्हणून काम होतं.

रणगाड्याबद्दल पत्रात वेगळा भाग लिहिला.

गुरुवार, ६ ऑगस्ट

डॉक्टरांनी काकांना उठून बसायची परवानगी दिली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा समोरून दिसला. उशीचा वळ गालावर तसाच आहे. बसल्या बसल्या कागद मागितला. नीट दिसत नाही, रेघा वाकड्यातिकड्या, तरी जोडवीरचा नवा भाग काढायला घेतला. आत्याला म्हणाले, फुगे मोठे ठेवतो, आता आपल्या दोघांनाही बारीक दिसत नाही. आत्या म्हणाली, मला दिसतं, तू आपलं तुझं बघ. इतक्या वर्षांनी दोघं त्या टेबलाशी भांडत बसलेली पाहून मला फार बरं वाटलं.

काकांनी मान वर करून मला विचारलं, पाठवलंस ना? मी म्हटलं, झालंच. म्हणाले, वा, म्हणजे पोरगं आपलंच राहिलं. आणि पुन्हा काढायला लागले.

झालंच आहे. फक्त शेवटचं प्रूफ बाकी. पत्र बरंच लांबलंय आणि माझं एवढं लिखाण मी तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देणं शक्य नाही. शिवाय नीट विचार केला. आज घाईने पाठवलं तर ते उद्या वाचतील, आणि शुक्रवारी असला नकार वाचणाऱ्याचे शनिवार-रविवार वाया जातात, त्यातून सर्दी. मुदत सातची आहे, हे मी विसरलेले नाही. पण मुदत ही शेवटी एक तारीख असते. इतक्या आपुलकीने लिहिलेलं पत्र दोन-तीन दिवस उशिरा आलं म्हणून कुणी वाचणार नाही, असं होत नाही. ते गृहस्थ तर मला समजूतदार म्हणाले आहेत.

तेव्हा ठरलं, आणि यात आता बदल नाही. पत्र पाठवायचं: सोमवार, १० ऑगस्ट.