कोरा दगड

४ एप्रिल
आज रुजू झालो. जुन्या राजरस्त्यावरचे मैलाचे दगड रंगवायचं काम. वर झाडांची कमान, खाली नदी, लोक मुद्दाम गाड्या घेऊन फिरायला येतात. नोकरी कसली, फुकटची सहल! खोलीही रस्त्याला लागून, मैल जिथून मोजतात तिथेच. रविवारी बायको आणि चिमणी येणार आहेत. लेकीला वाटेतले दगड मोठ्याने वाचायचा नाद, म्हणून आकडे ठळक काढतोय.

६ एप्रिल
खोलीपासून तीन मैलांवर, वळणावर एक दगड कोरा. मुकादम म्हणाले, तो नुसता पांढरा करायचा, वर काही लिहायचं नाही. का? तर लिहीत नाहीत! डोकंच फिरलं. वीस वर्षं ब्रश धरलाय, मला शिकवतात! त्यांची पाठ वळताच झोकात लिहिलं : घर ३. चिमणी खूश होईल.

८ एप्रिल
दगड मैलभर अलीकडे. वर माझ्याच अक्षरात, घर २. मुकादमांना भर रस्त्यात फैलावर घेतलं. ते रंगाचा डबा ढवळत राहिले, याचाच जास्त संताप आला. एवढंच म्हणाले, त्याला कुठे जायचं ते तू सांगायला नको होतंस.

९ एप्रिल
घर १. तारेच्या ब्रशने घासलं, पहार घातली. ढिम्म हलत नाही. मुकादम काम सोडून गेले. भित्रे कुठले!

१० एप्रिल, सकाळ
उंबऱ्याशी. घर ०.
बायकोला फोन केला, येऊ नका. ती म्हणाली, आम्ही येणार म्हटलं की तुझं डोकं फिरतंच. तिने फोन ठेवला. घाबरलो तरी माझा आवाज चिडल्यासारखाच येतो.

दुपार
दगड दारात नाही. सुटलो म्हणेपर्यंत चिमणीचा फोन. वाचत होती, दहा, नऊ, आठ. मग म्हणाली, रस्त्याच्या मधोमध एक आहे, घर शून्य, पोहोचलो वाटतं, आई उतरतेय. मी ओरडलो. ती म्हणाली, बाबा परत रागावले, आणि—

आठवा मैल
गाडीची दारं उघडी. तो दगड नाही. दोन नवे— एक मोठा, एक लहान. कोरे. अजून कोमट.
लिहायचं नाही म्हणे. मसणात गेले मुकादम!
आधी लहानावर. घर ८. म्हणजे ती मैलामैलाने घरी—